एका खोलीचा हिवाळा

मस्कतमध्ये हिवाळा आधी कानांना कळतो. नोव्हेंबरमधल्या एखाद्या सकाळी माझा नवरा मिलिंद उठतो, एसी बंद करतो आणि खिडकी सरकवतो. घर एकदम गप्प होतं. मार्चपासून रात्रंदिवस चाललेली ती घरघर आपण ऐकत होतो, हे ती थांबल्यावरच लक्षात येतं. मग शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, खाली कुणीतरी गाडी धुतंय त्या पाण्याचा आवाज येतो, मशिदीतली अजान काचेतून गाळून न येता सरळ घरात शिरते. लोक खूश असतात. सहलींचे बेत ठरतात, अंगणात शेगड्या पेटतात आणि विजेचं बिल निम्म्यावर येतं.

आमच्या घरी या सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी बसते आणि मला जबल अख्दर डोंगरावरचा तो एक हिवाळा आठवायला लागतो. सहा-सात वर्षं झाली. आमची यशू तेव्हा पाच वर्षांची होती.

ओमानमध्ये थंडीने हाल झाले असं सांगितलं की लोक हसतात. माझ्या खेडच्या मावशीला मी फोनवर दोन जाड स्वेटर पाठवायला सांगितले, तर तिने आधी माझी तब्येत विचारली. कोकणात वाढलेल्या माणसाला थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट, उबेला पेटवलेला पालापाचोळा आणि नऊ वाजता येणारा घाम. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर, दगडाच्या सुळक्यांमध्ये, बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते, हे आम्हाला कोण सांगणार?

मिलिंद देखभाल विभागात काम करतो. एसी, मोटारी, जनरेटर, सगळं त्याच्याकडे. जबलवर जायच्या आधी दोन वर्षं तो लांब सूर शहरात होता आणि मी यशूला घेऊन मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागात. तिथल्या एका छोट्या नर्सरीत मी शिकवायचे, यशूही तिथेच. मिलिंद गुरुवारी संध्याकाळी यायचा आणि रविवारी पहाटे, आम्ही उठायच्या आत निघून जायचा. एकदा नर्सरीत कुणीतरी यशूला विचारलं, तुझे बाबा कुठे असतात? ती म्हणाली, "माझे बाबा फ्रायडेला असतात." बाकीच्या बायका हसल्या. मी घरी येऊन मिलिंदला फोन केला आणि म्हटलं, आता पुरे.

म्हणून डोंगरावरच्या हॉटेलातली नोकरी आली तेव्हा आम्ही फार विचार केला नाही. तिथल्याच सैक गावात घर घ्यायला भाड्याचे पैसे मिळणार होते. मी नर्सरी सोडली. यशूची शाळा एक वर्ष लांबली तरी चालेल असं ठरवलं. अक्षरं मी घरीच शिकवणार होते. तिघांनी एका छपराखाली राहायचं, एवढाच सगळ्याचा अर्थ होता.

सप्टेंबरात आम्ही वर गेलो. पायथ्याशी, बिरकत अल मौजच्या चौकीवर पोलिसांनी गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे ना ते पाहिलं आणि मग तो चढ सुरू झाला. दर वळणाला गाडीतला काटा एकेक अंश खाली यायचा आणि यशू तो मोठ्याने वाचायची. वर पोचलो तेव्हा डाळिंबं तयार झाली होती. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, त्यातून खळखळत जाणारं पाटाचं पाणी. घरमालक सालिम तिथलाच. त्याने दोन नवीकोरी घरं शेजारी शेजारी बांधली होती. एकात तो बायकामुलांसह राहायचा, दुसरं आम्हाला दिलं. दोन्हींच्या मधे त्यांची जुनी दगडी खोली तशीच होती आणि तिच्यात सालिमची आई राहायची. मुलाने नवं घर बांधलं तरी तिने खोली सोडली नव्हती. सगळे तिला उम्म सालिम म्हणायचे, म्हणजे सालिमची आई. तिचं स्वतःचं नाव मी कधी ऐकलंच नाही. सालिमला मस्कतमधल्या नोकरीमुळे हिंदी छान यायची. म्हातारीला अरबीशिवाय काही येत नव्हतं. मला अरबीचे दहा-बारा शब्द येत होते, ते तिला पुष्कळ वाटायचे.

घर पाहून मी हरखले होते. उंच छत, चकचकीत पांढरी फरशी, भिंतभर सरकत्या काचा. पण हे घर खालच्या मस्कतसाठी काढलेल्या नकाशावरून वर बांधलं होतं. उन्हापासून वाचण्यासाठी जे जे करायचं ते सगळं त्यात होतं. नोव्हेंबर लागला आणि त्या प्रत्येक गोष्टीतून थंडी आत यायला लागली.

ती थंडी कशी होती? फरशीवर पाय ठेवला की हाडापर्यंत कळ जायची. खोबरेल तेलाची बाटली दगड झाली होती. इडलीचं पीठ दोन दिवस ठेवलं तरी फुगत नव्हतं; मी ते उशाशी, पांघरुणात घेऊन झोपून पाहिलं. आम्ही खाली जाऊन हीटर आणले, तापलेल्या तारांचे, लालभडक. प्रत्येक खोलीत एक. त्यांच्यासमोर बसलं की तोंड भाजायचं आणि पाठ गार राहायची. बाथरूमचा गीझर दिवसभर चालू.

पहिलं बिल आलं तेव्हा मिलिंदने ते दोनदा वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. उन्हाळ्यात मस्कतमध्ये तीन एसी चालवून आलं नव्हतं एवढं होतं ते. भाडं कंपनीचं होतं, वीज आमची. माझा पगार आता नव्हता. काटकसर करून दुसरा महिना काढला, तरी दुसरं बिल पहिल्यापेक्षा मोठं आलं. त्या दिवशी जेवताना मिलिंद म्हणाला की असं चालणार नाही. जानेवारीचंही बिल असंच आलं, तर मी आणि यशूने देवरुखला, त्याच्या घरी जायचं. तो हॉटेलच्या कामगारांच्या खोलीत राहील. यशू भातात रस्सा कालवत होती. तिने मान वर करून विचारलं, "मग बाबा परत फ्रायडेला?" मी तिच्या ताटात आणखी रस्सा वाढला.

या दुसऱ्या बिलाच्या बऱ्याच आधी, डिसेंबर लागता लागता, आप्पा आले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. विजेच्या खात्यात पस्तीस वर्षं वायरमन. खांबावर चढून चढून त्यांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि सत्तरीतही ते जिना दोन दोन पायऱ्या चढायचे. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. देवरुखच्या घरात ते एकटेच असायचे, म्हणून थोडे महिने आमच्याकडे यावं अशी गळ मीच घातली होती. मिलिंदने तिकीट काढलं, विमानतळावरून आणलं, सगळं केलं. पण बाप-लेकांत बोलणं असं नव्हतंच. "जेवलात?" "हो." "गोळी घेतली?" "घेतली." यापलीकडे गाडी जायची नाही. आप्पा मुलाशी बोलताना त्याच्या खांद्याच्या वर, भिंतीकडे बघायचे. सासूबाई गेल्या तेव्हा मिलिंद सूरला होता. मिळेल त्या विमानाने निघाला, पण देवरुखला पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आप्पांच्या मनात तो राग आहे, हे मिलिंदने धरून ठेवलं होतं. विचारायची हिंमत मात्र त्याने केली नव्हती.

सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाणदिनी, आप्पांनी दिवाणखान्यात तसबिरीपुढे मेणबत्ती लावली. आम्ही हात जोडून उभे राहिलो, वंदना म्हटली. यशू त्यांच्यामागून एकेक शब्द म्हणत होती. वंदना संपली तरी आप्पा तिथेच उभे. मला वाटलं, मन भरून आलं असेल. मग ते हळूच म्हणाले, "शुभा, ही ज्योत बघ."

ज्योत आडवी झाली होती. दारं-खिडक्या सगळं बंद, आणि ज्योत वाऱ्यात धरल्यासारखी एका बाजूला झुकलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मेणबत्ती घेऊन घरभर हिंडले. खिडकीच्या कडेने, दाराखालून, विजेच्या बटणांच्या पेट्यांशी. यशू मागे खडू घेऊन. ज्योत झुकली की आप्पा म्हणायचे, "मार बाय, फुली." दुपारपर्यंत आमच्या घराला सत्तेचाळीस फुल्या झाल्या, यशूने शंभरपर्यंतचे आकडे त्या आठवड्यातच पक्के केले. एका भिंतीत एसी बसवण्यासाठी ठेवलेलं मोठं भोक नुसतं पत्र्याने झाकलेलं होतं. तिथे हात धरून आप्पा म्हणाले, "ही खिडकीच हाय. तुम्ही डोंगर तापवताय."

मग कामाला लागलो. पत्र्यामागे थर्माकोल कोंबला. फटींत स्पंजाच्या पट्ट्या चिकटवल्या. मिलिंदच्या हॉटेलात नवं फर्निचर आलं होतं, त्याच्यावरचं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक त्याने मागून आणलं आणि आम्ही ते खिडक्यांच्या काचांवर लावलं. यशूला एकही फुगा फोडायला मनाई होती. ते दुःख तिने फार मोठ्या मनाने सोसलं. गीझर सकाळी अर्धा तास, मग बंद. दक्षिणेच्या खिडकीचे पडदे दहा वाजता उघडायचे आणि ऊन डोंगरामागे जायच्या आत मिटायचे. त्यासाठी आप्पांनी फरशीवर खडूची रेघ मारून ठेवली होती, उन्हाची कड त्या रेघेवर आली की पडदा ओढायचा. तारांचे हीटर खोक्यात गेले. तेल भरलेला एकच हीटर मिलिंदने आणला. तो सावकाश तापायचा आणि सावकाशच निवायचा.

पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. आप्पा म्हणाले, "चार माणसांना किती खोल्या लागतात?"

दक्षिणेकडची खोली ठेवली आणि बाकीची दारं लावून टाकली. चार गाद्या, एक ठेंगणं टेबल, हीटर. छत फार उंच होतं, सगळी ऊब वर जाऊन बसायची. तेव्हा माझ्या सहा जुन्या सुती साड्या मी एकमेकींना शिवल्या आणि लग्नाच्या मांडवात कापडी छत बांधतात तसं आप्पांनी आणि मिलिंदने ते खोलीभर ताणून बांधलं, हीटरपासून चांगलं लांब, हाताला लागेल न लागेल अशा उंचीवर. निळी, पिवळी, कैरीच्या रंगाची. खाली झोपून यशू विचारायची, ही साडी कुठली? मी सांगायचे, ही तुझ्या बारशाची, ही माझ्या पहिल्या पगाराची, ही आजीने दिलेली. आजीच्या साडीखाली कोणाची गादी असेल हे कुणी ठरवलं नव्हतं. आप्पांची आली.

एका खोलीत राहणं सोपं नसतं. कुणाचा खोकला, कुणाचं घोरणं, कुणाचा रुसवा. वेगवेगळ्या खोल्यांत माणसं आपापला अबोला घेऊन बसू शकतात. इथे गप्प बसायला जागाच नव्हती. मिलिंद कामावरून आला की आप्पांना पाय आखडून घ्यावे लागायचे, तेव्हा तो आपल्या गादीपर्यंत जाऊ शकायचा. रोज संध्याकाळी दोघं एकमेकांना "असू दे, असू दे" म्हणायचे. मी मनात म्हणायचे, चला, दोन शब्द वाढले.

सकाळी ऊन अंगणात आलं की उम्म सालिम आपल्या खोलीबाहेर चटई टाकायची. आप्पा तिथून फेरी मारत असायचे. एक दिवस तिने हाताने खूण करून त्यांना बसवलं, खजूर पुढे केले आणि छोट्या कपात कहवा, त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतला. त्या दिवसापासून तो नेमच झाला. ती अरबीत बोलायची, आप्पा मराठीत. कोणाचंही अडलं नाही. एकदा मी कपडे वाळत घालताना ऐकलं, ते तिला सासूबाईंच्या आजारपणाचं सांगत होते, अगदी तपशिलात. ती मान हलवत होती आणि कप भरत होती. थंडीला ती "बर्द, बर्द" म्हणायची आणि आप्पा म्हणायचे, "हो ना, लय बर्द."

जानेवारीच्या मधल्या एका सकाळी आप्पा मीटरजवळ उभे दिसले. आम्ही इतकं सगळं केलं होतं, तरी मीटर आपल्या हिशेबात बसत नाही असं त्यांना वाटत होतं. त्यांनी घरातला मेन स्विच पाडायला सांगितला. मी पाडला. दिवे बंद, फ्रिज बंद, सगळं बंद. बाहेर येऊन पाहिलं तर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच होता.

"घरात काय चालू नाय," आप्पा म्हणाले, "आणि वीज जातेय."

पुढचा तासभर त्यांनी भिंतीवरून, गच्चीवरून, जमिनीतल्या पाइपावरून ती वायर शोधली. सत्तर वर्षांचा माणूस गच्चीच्या कठड्यावरून वाकून बघत होता आणि मी खाली जीव मुठीत धरून उभी. मीटर आणि आमचा मेन स्विच यांच्या मधूनच कुणीतरी एक वायर काढली होती. ती अंगणाखालून जात होती आणि उम्म सालिमच्या खोलीत निघत होती. तिच्या खोलीत दोन हीटर होते, तेच लाल तारांचे. दिवसरात्र चालू. खोलीच्या लाकडी दाराला बोट जाईल एवढ्या फटी होत्या.

म्हातारीची सगळी ऊब आमच्या मीटरवर होती.

आप्पा खाली उतरले आणि तिच्या चटईवर बसले. तिने नेहमीसारखा कप भरला. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. कप मात्र त्यांनी रिकामा केला.

मिलिंद संध्याकाळी आला तेव्हा मी त्याला सांगितलं. त्याचा आवाज चढला. दोन महिने आपण कुडकुडतोय, पोरीला परत पाठवायची वेळ आली, आणि हे. त्याला वाटत होतं की सालिमने मुद्दामच केलं. त्याने हत्यारांची पेटी काढली. आत्ताच वायर कापतो, मग उद्या त्याच्याशी बोलू, म्हणाला.

आप्पा दारात उभे होते. एका खोलीच्या घरात तेवढंच पुरतं.

"आधी बोलायचं," ते म्हणाले. "मग कापायची."

मिलिंद म्हणाला की आपलीच वीज आहे, चोरी त्यांची आहे, आपण कशाला वाट पाहायची? पस्तीस वर्षं खात्यात काढलेल्या माणसाने तरी असं बोलू नये.

तेव्हा आप्पा खाली बसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी सासूबाईंनाही त्यांनी कधी सांगितली नव्हती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे बिल थकलेल्यांच्या लाइनी तोडायचं काम होतं. यादी मिळायची, त्या घरी जायचं, लाइन तोडून पुढच्या घरी. साखरप्याच्या बाजूला एका घरात एक म्हातारी एकटी राहायची. आप्पा भर उन्हात डोंगर चढून गेलेले. तिने त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, गूळ दिला आणि चुलीवर चहा ठेवला. ते कशाला आलेत हे तिला कळलं नव्हतं. तिला वाटलं, दिवा मिणमिणतो म्हणून कुणीतरी बघायला आलंय.

"मी चहा प्यायलो," आप्पा म्हणाले. "कप विसळून पालथा घातला. मग खांबावर चढलो आणि लाइन तोडली. ती खालून म्हणत होती, सावकाश रे बाबा, पडशील."

हीटरच्या पत्र्याचा टिक टिक आवाज तेवढा येत होता. यशू फुग्यांच्या प्लास्टिकवर बोट फिरवत होती, न फोडता.

"नियमानं बरोबर होतं," ते म्हणाले. "पण एक दिवस थांबता आलं असतं. खाली जाऊन तिच्या मुलाला निरोप देता आला असता. मी तिला काय बोललोच नाय. हिचा पण कहवा प्यायलोय मी, महिनाभर."

मिलिंदने पेटी बंद केली. पण तो उठला नाही. बराच वेळ त्याने हत्यारांच्या पेटीच्या कडीशी चाळा केला आणि मग, आप्पांकडे न बघता, म्हणाला की आईच्या वेळेला मी पोचलो नाही, म्हणून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे मला कळतं.

मी वाटाणे सोलत होते.

आप्पांनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुला असं वाटतंय?" त्यांनी विचारलं. "तुझं विमान दुपारी उतरणार होतं, मला ठाऊक होतं. लोक म्हणाले, आप्पा, उशीर होतोय, उचलूया. मी नुसतं 'थांबा' बोलायचं होतं. तेवढा एक शब्द माझ्या तोंडातनं आला नाय. मी उठलो आणि खांदा दिला. तुझ्यावर कसला राग? तुझ्या नजरेला नजर द्यायची मला लाज वाटते, मिलिंद."

दोन वर्षं दोघंही एकच ओझं उचलत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की ते दुसऱ्याने आपल्यावर टाकलंय. मिलिंदने आप्पांच्या पायांवर घसरलेली गोधडी नीट केली. मग यशूने भूक लागली म्हणून सांगितलं आणि मी वाटाण्यांचा भात टाकला.

शुक्रवारी नमाजनंतर सालिमला बोलावलं. आप्पांनी आधीच बजावलं होतं की पैशाचं काढायचं नाही, फक्त दाखवायचं. मिलिंदने त्याला मीटरपाशी नेलं, मेन पाडला आणि लुकलुकणारा लाल दिवा दाखवला; मग वायरीच्या मागोमाग त्याच्या आईच्या दारापर्यंत नेलं. सालिमचा चेहरा उतरत गेला. घरं बांधताना इलेक्ट्रिशियनला त्याने सांगितलं होतं की आईची खोली माझ्या मीटरवर घे. त्या माणसाने जवळ पडला तो मीटर घेतला होता, आणि तो कधीच देश सोडून गेला होता. आमचं घर तोवर रिकामंच असायचं. कुणाच्या लक्षात येणार?

"मेरे को सच में मालूम नहीं था, भाई," तो म्हणाला. "ये मेरे लिए शरम की बात है।"

त्याने भरपाई म्हणून पुढच्या दोन महिन्यांचं आमचं बिल स्वतः भरतो असं सांगितलं. मिलिंदने अवघडून आप्पांकडे पाहिलं. राहू दे म्हणावं असं त्याला वाटत होतं. आप्पा मराठीत म्हणाले, "घे. त्याला देऊ दे. नाय घेतलंस तर तो आपल्यासमोर मान खाली घालून फिरल." मिलिंदने हात पुढे केला, सालिमने तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "खलास."

वायर सालिमच्या मीटरवर घ्यायला बिरकत अल मौजहून माणूस यायला तीन दिवस लागणार होते. ते तीन दिवस आप्पांनी म्हातारीच्या खोलीत काढले. दाराच्या फटी भरल्या, दाराला आतून जाड घोंगडीचा पडदा लावला, खिडकीला आमच्याकडचं उरलेलं प्लास्टिक. लाल तारांचे दोन हीटर जाऊन तिथेही तेलाचा एकच आला. उम्म सालिम चटईवर बसून सगळं पाहत होती. त्याआधी तिने एकदा कोळशाची शेगडी आत घ्यायचा विचार केला होता. आप्पांनी तिला हातवाऱ्यांनी, डोळे मिटून, मान टाकून दाखवलं की बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलं तर काय होतं. ती हसली आणि शेगडी अंगणात ठेवली.

काम संपलं त्या दिवशी ती आमच्याकडे आली. सुनेच्या डोक्यावर एक गुंडाळी होती. शेळीच्या केसांचा हाताने विणलेला काळा-पांढरा गालिचा, तिच्या आईच्या वेळचा. पांढऱ्या फरशीवर तो अंथरून तिने पायाने दाबून दाखवलं. मग छताकडे पाहिलं, साड्यांकडे, आणि एकेका साडीला हात लावत राहिली. सुनेने खुणेने विचारलं, हे कशाला? यशूने तिला समजावलं, मराठीत, आप्पांच्या हेलात: "बर्द वर जाऊ नये म्हणून!" चुकलंच होतं, वर जाते ती ऊब. पण सगळ्यांना कळलं.

जानेवारीचं बिल आलं तेव्हा मिलिंदने ते वाचलं आणि माझ्या हातात दिलं. आधीच्यापेक्षा कमी होतं, पण फार नाही; वायर बदलेपर्यंत महिना निम्मा गेला होता. फेब्रुवारीचं आलं ते मस्कतच्या हिवाळ्यातल्या बिलांपेक्षा फार वेगळं नव्हतं. परत जायचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही आणखी दोन वर्षं वर राहिलो. त्या हिवाळ्यात आम्ही वीज कमी कशी केली हे लोक विचारतात, आणि मी स्पंज, पडदे, गीझर असं सांगत सुटते. ते सगळं खरंच आहे. पण ऊब वाचते ती माणसं जवळ सरकली की, हे सांगायला गेलं तर ते उगाच पुस्तकी वाटतं, म्हणून मी स्पंजावरच थांबते.

मार्चच्या सुरुवातीला उतारावरच्या जर्दाळूंना फुलं आली. पांढरट गुलाबी, पानांच्या आधीच. एका शुक्रवारी दुपारी खोलीत उकडायला लागलं, त्या वर्षी पहिल्यांदाच. मिलिंदने हीटर बंद केला. मी एकामागून एक सगळ्या खोल्यांची दारं उघडली. तीन महिने कोंडलेल्या खोल्यांना बंद पेटीसारखा वास येत होता. केर काढला, फरशा पुसल्या, गाद्या परत पलंगांवर टाकून धुतलेल्या चादरी घातल्या. यशू या खोलीतून त्या खोलीत पळत होती आणि आपल्याच आवाजाचा घुमारा ऐकत होती. आप्पांचं परतीचं तिकीट आठवड्यावर आलं होतं. त्यांची खोली मी नीट लावली, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

जेवणं झाली. आप्पा उठून आपल्या खोलीकडे निघाले, दारापर्यंत गेले. मिलिंद तोवर दक्षिणेच्या खोलीत पुन्हा गाद्या घालत होता. त्याने आपली घातली, यशूची घातली, माझी घातली. मग आत जाऊन आप्पांच्या पलंगावरची गादी उचलून आणली आणि आपल्या गादीला लागून टाकली.

"इकडंच झोपा, आप्पा," तो म्हणाला. "तिकडं मोकळं मोकळं वाटेल."

आप्पा मागे फिरले आणि त्या गादीवर येऊन बसले.